पासवर्ड आपणच टाइप करतो

फ्री डाउनलोड मॅनेजर हे मोठ्या फायली उतरवण्याचे जुने, लोकप्रिय साधन. 2020 ते 2022 या काळात लिनक्ससाठीचे पॅकेज घ्यायला त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर गेलेल्यांपैकी काहींना नकळत दुसऱ्याच पत्त्यावर वळवले जात होते. तिथून उतरणाऱ्या डेब फाइलमधून हवा तो प्रोग्रॅम बसायचा, नीट चालायचाही. पण त्याच्यासोबत आणखी एक प्रोग्रॅम बसायचा आणि ठरावीक वेळी कामे चालवणारे क्रॉन त्याला दर दहा मिनिटांनी जागे करायचे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, क्रिप्टो वॉलेटच्या फायली, क्लाउड सेवांच्या किल्ल्या असा सगळा ऐवज बाहेर जात होता. कॅस्परस्कीच्या संशोधकांनी हे उघड केले सप्टेंबर 2023 मध्ये. मधल्या काळात काही वापरकर्त्यांना त्या अनोळखी फायली दिसल्या होत्या, त्यांनी त्याबद्दल विचारणाही केली होती. हा घातपात असेल अशी शंका मात्र आली नाही.

ती का आली नाही, याचे उत्तर लिनक्सच्या जगात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या एका वाक्यात आहे: लिनक्सला व्हायरस लागत नाही. विंडोजवरून आलेला नवा माणूस अँटिव्हायरस कोणता टाकू म्हणून विचारतो, तेव्हा त्याला हेच ऐकवले जाते. घरच्या संगणकावर उबुंटू वापरणाऱ्या प्रस्तुत लेखकालाही सुरुवातीला हाच सल्ला मिळाला होता. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, आणि अँटिव्हायरसपुरते ते बरेचसे बरोबरही असतात. पण ऐकणारा त्यातून ‘मला काहीच करायचे नाही’ असा अर्थ काढतो, आणि धोका तिथे सुरू होतो. वरच्या प्रकरणात कुणी कुलूप तोडले नव्हते. पॅकेज बसवताना सूडोचा पासवर्ड त्या लोकांनी स्वतःच्या हाताने टाइप केला होता.

रूटचा, म्हणजे सिस्टिमच्या प्रशासकाचा, अधिकार मिळाल्याशिवाय कुणी काही बिघडवू शकत नाही, हा दुसरा समज. सिस्टिम बिघडवायला रूट लागतो हे खरे. पण सिस्टिम तर अर्ध्या तासात पुन्हा टाकता येते. फोटो, बँकेची कागदपत्रे, ब्राउझरची प्रोफाइल हे सारे होम फोल्डरमध्ये असते आणि तिथपर्यंत पोहोचायला वापरकर्त्याचा स्वतःचा अधिकार पुरतो.

याचा धडा भारतातच मिळाला आहे. सीडॅकने डेबियनवर आधारलेली बॉस ही लिनक्स प्रणाली तयार केली आणि ती सरकारी कार्यालयांत वापरली जाते. जून 2024 मध्ये व्होलेक्सिटी या संस्थेने या प्रणालीवर नेम धरणाऱ्या ‘डिसगोमोजी’ नावाच्या घातक प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. हल्लेखोर त्याला डिस्कॉर्डवरून इमोजी पाठवून हुकूम सोडायचे. कॅमेऱ्याचा इमोजी आला की स्क्रीनशॉट, कोल्ह्याचा आला की फायरफॉक्सच्या प्रोफाइल गोळा करायच्या. 2025 मध्ये सायफर्मा या संस्थेने बॉसवरच्याच आणखी एका हल्ल्याचा तपशील दिला. त्यात झिपमधून आलेली फाइल बैठकीच्या पत्राची पीडीएफ वाटायची, प्रत्यक्षात ती ‘डॉट डेस्कटॉप’ प्रकारची होती. तिच्यावर क्लिक केले की फायरफॉक्समध्ये एक पीडीएफ उघडायची, आणि पडद्याआड भलताच प्रोग्रॅम उतरायचा. म्हणून ईमेलने आलेल्या फाइलचे चिन्ह पाहून विश्वास ठेवू नये. तिच्यावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये प्रकार बघावा.

मग स्कॅनर हवा की नको? क्लॅमएव्ही मोफत आहे आणि चांगला आहे, पण तो मुख्यतः मेल सर्व्हरवर वापरला जातो आणि विंडोजचे व्हायरस ओळखण्यात त्याची ताकद आहे. विंडोजवाल्या सहकाऱ्यांशी पेन ड्राइव्हची देवाणघेवाण रोज होत असेल, तर तो जरूर ठेवावा. एरवी तो टाकून निर्धास्त होणे चुकीचे आहे.

त्याहून कितीतरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे अपडेट. डिसगोमोजीचे हल्लेखोर बॉस 9 वर ‘डर्टी पाइप’ ही कर्नलमधली फट वापरत होते. ही फट जाहीर झाली ती मार्च 2022 मध्ये, आणि तोवर ती कर्नलमध्ये बुजवलीही गेली होती. दोन वर्षांनंतरही ती कामी येत होती, याचे कारण जुनाच कर्नल. उबुंटू 20.04 ची नेहमीची मुदत 2025 च्या मे महिन्यात संपली. असा संगणक अजून ‘मस्त चालतो’ म्हणून तसाच ठेवणाऱ्यांनी नवी आवृत्ती टाकावी किंवा घरगुती वापरासाठी पाच संगणकांपर्यंत मोफत मिळणारे उबुंटू प्रो सुरू करावे.

प्रोग्रॅम कुठून घ्यावा, याबाबत तर सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवी. डिस्ट्रोची स्वतःची रिपॉझिटरी पहिली. तिच्यात नसेल तरच बाहेर जावे, आणि स्टोअरमध्ये आहे म्हणजे तपासलेलेच असेल असे धरू नये. 2018 मध्ये स्नॅप स्टोअरवरच्या ‘2048बंटू’ या खेळात क्रिप्टो नाणी खणणारा प्रोग्रॅम सापडला. जुलै 2025 मध्ये आर्च लिनक्सच्या एयूआरवर ब्राउझरच्या नावाखाली तीन पॅकेजे आली आणि त्यांत दुसऱ्याच्या संगणकाचा ताबा घेणारा ‘केऑस रॅट’ होता. एयूआरमध्ये वापरकर्तेच पॅकेजे टाकतात, त्यामुळे तिथले काहीही घेण्याआधी पॅकेजबिल्ड फाइल उघडून ती कुठून काय उतरवते ते वाचावे.

ज्यातून लिनक्स बसवतो ती खुद्द आयएसओ फाइलही तपासूनच घ्यावी. 20 फेब्रुवारी 2016 रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर घुसलेल्यांनी 17.3 सिनेमन आवृत्तीची डाउनलोडची लिंक बदलून मागचा दरवाजा असलेली आयएसओ लोकांच्या हाती दिली. प्रकल्पाचे प्रमुख क्लेमेंट लेफेव्र यांनी ते लगेच जाहीर केले. अशा वेळी त्याच पानावरचा चेकसम जुळवून भागत नाही, कारण पान बदलणारा चेकसमही बदलू शकतो. जीपीजी सही तपासणे थोडे किचकट वाटते, पण मिंटच्या संकेतस्थळावर त्याच्या पायऱ्या नीट लिहिल्या आहेत.

फायरवॉलचे काम झटपट होते. उबुंटूमध्ये यूएफडब्ल्यू हा फायरवॉल आधीपासून असतो, पण बंद असतो. सार्वजनिक वायफायवर बसणाऱ्यांनी तो चालू करावा. लॅपटॉप असेल, तर इन्स्टॉलेशनच्या वेळीच डिस्क एन्क्रिप्शन निवडावे, नंतर ते करणे त्रासाचे होते.

राहिला बॅकअप. मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतो आणि अनेकांना वाटते की आपला सगळा डेटा त्यात जातो. तो मुळात सिस्टिमच्या फायली जपतो. होम फोल्डर तो आपणहून घेत नाही. त्यासाठी डेजा ड्यूप किंवा तत्सम साधन वेगळे लावावे, बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा, ती डिस्क काम झाले की काढून ठेवावी आणि अधूनमधून एखादी फाइल परत आणून बघावी.