लंडनचे अल्हम्रा आणि कोल्हापूरचे खासबाग

मुलांनो, आपल्या चांदूर बाजारच्या आसपास कुस्त्यांची दंगल तुम्ही पाहिली असेल. पैलवान, दंगल, जोर, पेच हे शब्द तुम्हांला परके वाटत नाहीत, होय ना? ते फारसीतून मराठीत आले. उर्दूतला उस्ताद मराठी आखाड्यात वस्ताद झाला, एवढाच फरक!

आज ज्या आखाड्याची हकीकत सांगायची आहे, तो मात्र दूर लंडनमध्ये होता. त्याचे नाव अल्हम्रा. नाव अरबी आहे. ‘हम्रा’ म्हणजे लाल. स्पेनमधील ग्रॅनाडा शहरात मुस्लिम राजांनी बांधलेला अल्हम्रा नावाचा सुंदर राजवाडा आहे. लंडनच्या लेस्टर चौकातील ही इमारत त्याच धर्तीची होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, 1854 मध्ये, ती विज्ञानाच्या प्रदर्शनासाठी बांधली गेली. प्रदर्शन चालले नाही. मग 1858 पासून तिचे अल्हम्रा झाले व तेथे गाणी, नृत्ये, कसरती होऊ लागल्या. 1882 मध्ये ती जळाली, तरी पुन्हा उभी राहिली. पुढे तिच्या रंगमंचावर कुस्त्याही होऊ लागल्या.

1910 मध्ये गामा पैलवान आणि त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष लंडनला गेले. गामाची उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेतले नाही. गामा गप्प बसला नाही. कोणत्याही वजनाचे तीन पैलवान अर्ध्या तासात चीत करीन, असे आव्हान त्याने दिले. लोकांना ती थाप वाटली. अखेर अमेरिकेचा डॉक्टर रोलर अल्हम्राच्या रंगमंचावर उतरला. गामाने त्याला पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत पाडले. त्याच रंगमंचावर इमामबक्षाने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला हरवले. हिंदुस्थान तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. त्यांच्याच राजधानीत मिळालेला हा विजय इथल्या लोकांना किती मोठा वाटला असेल, याचा विचार करा.

हाच इमामबक्ष दोन वर्षांनी कोल्हापुरात उतरला. राजर्षी शाहू महाराजांनी 1902 मध्ये रोमचे जुने कलोसियम पाहिले होते. तसे गोल मैदान आपल्याकडे असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. खासबाग मैदान 1912 मध्ये तयार झाले. मध्ये लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे मागे बसलेल्यालाही कुस्ती नीट दिसते. उद्घाटनाला इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली.

लंडनचे अल्हम्रा 1936 मध्ये पाडले गेले. त्या जागी 1937 मध्ये ओडियन नावाचे चित्रपटगृह उभे राहिले. आता तिथे जाणाऱ्या कितीजणांना गामा ठाऊक असेल? खासबागेवरही संकट आले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. त्या आगीत मैदानाचे व्यासपीठही सापडले. हौद्यातली लाल माती मात्र जागेवर राहिली.

आता एक काम करा. तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात पूर्वी आखाडा कोठे होता आणि तेथले वस्ताद कोण होते, हे दादाजान-नानाजानांना विचारा. त्या जागी आज काय आहे, ते स्वतः जाऊन पाहा आणि मराठीत पाच-सहा ओळी लिहून आणा.