दम्याशी सामना

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, पाथर्डी, शेवगाव व जामखेड या तालुक्यांत पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळी झाली की तेथील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांची वाट धरतात. सोबत लहान मुलेही असतात. पुढे कित्येक महिने उसाच्या फडाजवळची कोपी हेच त्यांचे घर. पहाटेची थंडी, चुलीचा धूर व पाचटाची धूळ यांमुळे दमेकरी मुलाला हे दिवस फार जड जातात.

मुलांनो, दमा म्हणजे काय? आपण घेतलेला श्वास झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागलेल्या नलिकांतून फुफ्फुसांत पोचतो. दमेकऱ्याच्या या नलिका फार हळव्या असतात. धूर, धूळ, परागकण, थंड हवा किंवा सर्दी यांचे निमित्त होताच त्या आतून सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात व कफ साचतो. हवेची वाट अरुंद होते. मग छातीत घरघर होते, रात्री खोकला येतो आणि धाप लागते. हा रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही. तेव्हा अशा मुलाशेजारी बसण्यास कोणी कचरू नये.

कित्येक मुलांचा दमा चिवट असतो. धाप थांबली, तरी नलिकांची सूज आत राहते. म्हणून यावर साधारणतः दोन प्रकारची औषधे देतात. एक आवळलेले स्नायू सैल करून तत्काळ आराम देते. दुसरे सूज हळूहळू उतरवते. ते बरे वाटत असतानाही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे नित्य घ्यावे लागते. ‘पोर आता खेळते आहे, मग औषध कशाला?’ असे म्हणून पुष्कळ लोक ते बंद करतात. पाणी ओसरले म्हणून बांधाची डागडुजी सोडणारा शेतकरी पुढच्या पावसात शेत गमावतो. तसेच हे आहे.

ही औषधे बहुधा फवाऱ्याने, म्हणजे इनहेलरने घेतात. मोजकी मात्रा देणारा असा फवारा १९५६ साली प्रथम वापरात आला. लहान मुलांसाठी त्याला स्पेसर नावाची पोकळ नळी जोडतात. फवाऱ्याची सवय जडते हा समज खोटा आहे. औषध थेट नलिकांत जात असल्यामुळे गोळीपेक्षा फार थोडी मात्रा पुरते. सूज उतरवणारे औषध घेतल्यावर चूळ मात्र भरावी.

याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. त्यांनी खेड्यांतील स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रोगाशी झगडण्याचे ज्ञान दवाखान्यातच न राहता घरोघर पोचले पाहिजे, हे या कार्याने दाखवून दिले. दम्यासारख्या दीर्घकाळच्या विकारात तर याची पदोपदी गरज भासते.

म्हणून गाव सोडण्यापूर्वी आईबापांनी डॉक्टरांना भेटावे. पुरेसे औषध व कोणते केव्हा घ्यावे याची चिठ्ठी सोबत न्यावी. मुलाला चुलीच्या धुरापासून दूर बसवावे. धाप लागल्यास त्याला आडवे न करता ताठ बसवावे, धीर द्यावा व आराम देणारे औषध द्यावे. एवढ्यानेही उतार पडत नसेल, बोलताना शब्द तुटत असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दमा समूळ जाईलच असे नाही. पण तो काबूत राहतो. नियमाने औषध घेणारे मूल इतरांबरोबर धावू शकते, पोहू शकते, शाळेत नियमित येऊ शकते. त्यासाठी हवी ती घरच्यांची चिकाटी आणि सोबत्यांची समजूत.

स्वाध्याय

१. बरे वाटत असतानाही औषध का घ्यावे लागते?
२. जामखेडच्या कार्यापासून कोणता बोध मिळतो?
३. तुमच्या वर्गमित्राला धाप लागली, तर तुम्ही काय कराल?