दिवसाची वीज व शेतकऱ्याची मिळकत

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण असून तेथील सरासरी पर्जन्यमान सुमारे ५५० मिलिमीटर आहे. विहिरीत पाणी असूनही ते वेळेवर उपसता आले नाही, तर हातचे पीक जाते. रात्रीच्या विजेवर पाणी देताना शेतकऱ्यास जागरण व सर्पदंशाचे भय सोसावे लागते. शिवाय दुसऱ्या दिवशीचे काम बुडते.

यावर उपाय म्हणून राज्य शासनाने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना सुरू केली. तीत शेतकऱ्याचा हिस्सा किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के ठेवण्यात आला. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्याहून अधिक जमिनीस ७.५ अश्वशक्तीपर्यंतचा पंप, असे प्रमाण ठरले. अशा पंपास डिझेल लागत नाही व वीजबिलही येत नाही.

मात्र ऊन फुकट आहे म्हणून पंप दिवसभर चालवू नये. विहीर आटल्यास पंप असून नसल्यासारखाच. सांगोल्याकडील डाळिंबाच्या बागांप्रमाणे ठिबकने मोजके पाणी द्यावे. पॅनेलवरील धूळ सकाळी, ऊन तापण्यापूर्वी, धुऊन काढावी. वाचलेल्या पैशातून प्रथम कर्ज फेडावे. पंप बसविण्याबरोबरच पाण्याचा हिशेबही गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस समजावून द्यावा. तरच विजेने दारिद्र्य हटेल.