वेल्लमपल्लीची सभा
मंडळ्यांनी एकत्र जमण्याविषयी पाठ

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 15:1-31, 1 करिंथ 1:26-31



माजरीच्या स्टेशनावरून दक्षिणेस जाणारी आगगाडी चंद्रपूर व बल्लारशाह मागे टाकून तेलुगू मुलखात शिरते, आणि विजयवाड्याच्या पलीकडे ओंगोल या गावी पोहोचते. तेलुगू बोलणारी माणसे आपणांस परकी नाहीत. आपल्या कोळशाच्या खाणींत ती आहेत, सिरोंच्याच्या गावांत तर पुष्कळच आहेत. त्या लोकांच्या मुलखात, ही आगगाडी नव्हती त्या काळी, गावोगावचे दरिद्री विश्वासी पायी चालत एकत्र जमत असत. त्यांची हकीकत आज आपल्या पाठाचा विषय आहे.

1. सभा कशासाठी?

बाप्टिस्ट लोकांच्या मताप्रमाणे प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपणच पाहते. तिच्यावर हुकूम चालविणारा दुसरा कोणी नाही. मग अनेक मंडळ्यांनी एके ठिकाणी जमावे कशासाठी? याचे उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या 15व्या अध्यायात सापडते. अंत्युखियात वाद उत्पन्न झाला तेव्हा तेथील बंधूंनी आपली माणसे यरुशलेमेस पाठविली. तेथे विचार झाला, आणि ती पत्र घेऊन माघारी आली. ते पत्र वाचल्यावर मंडळीस आनंद झाला. म्हणजे जाणे, ऐकणे, ऐकविणे व परत येऊन सांगणे, असे सभेचे चार भाग होतात. यांपैकी शेवटला भाग चुकला तर पहिले तीन व्यर्थ जातात.

अशा सभेचे एक फळ आपल्या स्वतःच्या हाती आले आहे. इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर भागाच्या लहान लहान बाप्टिस्ट मंडळ्यांची सभा 1792 च्या मे महिन्यात नॉटिंगहॅम येथे भरली. तीत विल्यम केरी याने उपदेश केला. हा पूर्वी जोडे शिवण्याचा धंदा करीत असे. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरास केटरिंग येथे थोड्याशा पाळकांनी मिळून 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स देण्याचे वचन दिले, आणि मिशनरी मंडळ स्थापिले. पुढे केरी बंगाल्यात श्रीरामपुरास राहिला. तेथे पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मत्तयाचे शुभवर्तमान 1805 साली व संपूर्ण नवा करार 1811 साली मराठीत छापून निघाला.

2. ओंगोलची मंडळी

आता तेलुगू मुलखाकडे वळू. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचे जॉन क्लफ साहेब 1866 साली ओंगोलास राहावयास आले. 1867 च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस तेथे मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिचे सभासद अवघे 8 होते. त्याच्या आदल्या वर्षी यर्रगुंट्ला पेरय्या नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने बाप्तिस्मा घेतला होता. तो मादिगा जातीचा होता. आपल्या जिल्ह्यांत या जातीचे भाऊबंद मादगी या नावाने ओळखले जातात. पेरय्याने आपल्या आसपासच्या गावांत साक्ष दिली. त्याच जानेवारीत क्लफ साहेब त्याच्या तालकोंडापाड गावाजवळ गेले, तेव्हा निरनिराळ्या गावांचे लोक कित्येक दिवसांची शिदोरी बांधून तेथे आले होते. त्या वेळी 28 जणांचा बाप्तिस्मा झाला.

येथे मोठी कसोटी आली. उच्च जातीचे काही लोक शुभवर्तमान ऐकत होते. या मादिगांस घेऊ नका, घ्याल तर आम्ही येणार नाही, असे त्यांनी कळविले. क्लफ साहेब व त्यांची पत्नी यांनी वेगवेगळे बसून शास्त्र उघडले, तो दोघांपुढेही 1 करिंथाच्या पहिल्या अध्यायातील आजचाच भाग आला, असे ते सांगत. मादिगांस दार बंद झाले नाही.

यानंतर दर तीन महिन्यांनी ओंगोलास सभा भरू लागली. उपदेशक आपापल्या भागाची हकीकत सांगत, शास्त्राचा पाठ शिकून घेत, आणि तोच पाठ गावोगाव नेत. नव्या विश्वासी जनांपासून तीन गोष्टी मागितल्या जात: रविवारी काम करू नये, मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नये, मूर्तिपूजा करू नये. ज्याचे पोट गावच्या वतनावर चालत असे त्याला या गोष्टी किती जड जात असत हे आपणांस ठाऊक आहे.

3. दुष्काळ व वेल्लमपल्ली

1876 ते 1878 या वर्षांत दक्षिणेत घोर दुष्काळ पडला. बकिंगहॅम कालव्याचे काम निघाले, तेव्हा क्लफ साहेबांनी साडेतीन मैलांचा मक्ता घेतला व हजारो भुकेल्यांस काम दिले. उपदेशक मुकादम झाले, आणि विसाव्याच्या वेळी प्रभूची गोष्ट सांगू लागले. पुष्कळांनी बाप्तिस्मा मागितला, परंतु साहेबांनी तो सुमारे पंधरा महिने कोणासही दिला नाही. कोणी धान्याकरिता विश्वास धरिला असे होऊ नये, हे त्याचे कारण.

1878 च्या जून महिन्यात त्यांनी उपदेशकांस ओंगोलच्या उत्तरेस गुंडलकम्मा नदीकाठी वेल्लमपल्ली येथे बोलाविले. त्यांच्यामागून मोठा समुदाय आला. आता मदत संपली, तुम्ही घरी जा, असे त्यांस स्पष्ट सांगण्यात आले. तरी ते गेले नाहीत. आम्हांस पैसा नको, बाप्तिस्मा पाहिजे, असे ते म्हणाले. मग उपदेशकांनी गावागावांची नावे घेऊन एकेकाची चौकशी केली. 2 जुलैस 614, 3 जुलैस 2,222 व 4 जुलैस 700, असे तीन दिवसांत 3,536 जण पाण्यात उतरले. साहेबांनी स्वतः एकालाही बाप्तिस्मा दिला नाही. दीक्षित देशी उपदेशक दोघे दोघे मिळून आळीपाळीने तो देत होते. वर्षअखेर ही संख्या 9,606 झाली.

4. सभेनंतर

येवढ्यावर हकीकत संपविली तर ती अर्धीच सांगितल्यासारखे होईल. इतक्या लोकांना शिकविणारे हात थोडे होते, आणि त्यांच्यापैकी अक्षरओळख असणारे फारच थोडे होते. पाण्यातून वर आलेला माणूस त्याच मादिगवाड्यात, त्याच कर्जात, त्याच पाटलाच्या धाकात परत गेला. तेथे त्याला टिकविण्याचे काम गावच्या उपदेशकाचे होते. रामायपट्टणम येथे 1872 साली उपदेशक तयार करण्याची शाळा उघडली होती. तिची खरी गरज आता कळली.

5. आपणांस बोध

पहिला: कोणी लाभासाठी येतो की काय, अशी शंका आली म्हणून दार कायमचे बंद करू नये, आणि घाईने सताड उघडूही नये. थांबावे, नाव विचारावे, गाव विचारावे.

दुसरा: सभेस जाणाऱ्याची मजुरी बुडते. ज्या घरी दोन दिवसांच्या मजुरीवर चूल पेटते, तेथून माणूस पाठविणे हे सोपे दान नव्हे. म्हणून ज्याला पाठवाल त्याची शिदोरी मंडळीने बांधावी. मग त्याच्याकडून हिशोब मागण्याचा अधिकार तिला राहील.

तिसरा: सभेहून परतणाऱ्याने किती लोक आले होते येवढेच सांगू नये. आपण काय शिकलो ते त्याने पहिल्याच रविवारी गावात सांगावे. ओंगोलचे उपदेशक एक पाठ घेऊन जात व तीन महिने तोच शिकवीत. आपणही एकच न्यावा, पण पोहोचवावा.

उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न

1. अंत्युखियाच्या मंडळीने आपली माणसे यरुशलेमेस का पाठविली?
2. पंधरा महिने बाप्तिस्मा थांबविणे योग्य होते काय? भुकेल्याच्या बाजूनेही विचार करून सांगा.
3. मागील सभेस आपल्या गावाहून कोण गेले होते, व त्यांनी परत येऊन काय सांगितले?