ऑपरेशननंतरची दुसरी रात्र

ह्यांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी काढल्या, त्यानंतरच्या दुसऱ्या रात्री ह्यांच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटं बधिर झाली. नर्सबाईंना मी पुन्हापुन्हा बोलावलं. ड्यूटीवरचे डॉक्टर खाटेपाशी आलेसुद्धा नाहीत. दारातूनच म्हणाले, "काकू, टेन्शन घेतलंय त्यांनी. झोपू द्या." पहाटे हाताची बोटं आखडून आत वळली, तेव्हा कुठे रक्त घेतलं. कॅल्शियम ५.९! आणि मग सगळ्यांची धावपळ.

हे अचानक घडलं नव्हतं. ह्यांच्यासारख्या डायलिसिसच्या पेशंटचा फॉस्फरस साठत जातो, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे हार्मोन सोडत राहतात आणि ते हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढतं. ग्रंथी काढल्या की ही ओढ एकदम थांबते आणि पोखरलेली हाडं उलट रक्तातलंच कॅल्शियम शोषू लागतात. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असेल तर धोका जास्त. ह्यांचं कितीतरी पट वाढलेलं होतं आणि तो रिपोर्ट हॉस्पिटलच्याच फाइलीत लावलेला होता. मी सांगत होते ते खरं होतं, कुणी ऐकलं नाही.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच विचारा, कॅल्शियम किती तासांनी तपासणार? पहिले दोन-तीन दिवस दर चार ते सहा तासांनी तपासायला हवं. रात्रीचं कोण बघणार, तेही विचारा. कॅल्शियमचं सलाईन डायलिसिसच्या फिश्चुलाच्या हाताला लावू देऊ नका. सुईपाशी आग झाली तर लगेच ओरडून सांगा, औषध बाहेर झिरपलं तर कातडी सडते. कमी पडलेलं कॅल्शियम भरून काढायच्या गोळ्या दोन जेवणांच्या मध्ये घ्यायच्या. जेवणाबरोबर घेतल्या तर त्या अन्नातला फॉस्फरस बांधण्यातच खर्ची पडतात. फॉस्फरस कमी करायच्या जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हेही विचारा. ग्रंथीचा तुकडा हातात बसवला असेल तर पीटीएचसाठी त्या हाताचं रक्त देऊ नका, आकडा फुगून येतो.

आणि मुळात हाडं दुखतात म्हटल्यावर "वय झालं" हे उत्तर ऐकून घेऊ नका. आम्हाला वर्षानुवर्षं तेच ऐकवलं. डायलिसिसवर पीटीएच दर तीन ते सहा महिन्यांनी व्हायला हवं.

आणि हॉस्पिटलकडून उपचारांची कागदपत्रं मागून घ्याच. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर ती ७२ तासांत द्यावी लागतात. आमच्या डिस्चार्ज कार्डावर "कोणतीही गुंतागुंत नाही" असं लिहिलंय. दुरुस्तीचा अर्ज मी दिलाय. पोच मिळाली आहे, उत्तर आलेलं नाही.