गोळी गिळली, पण पोटात पोचली का?

प्रश्न : आमचं गाव कृष्णाकाठी. पुराचं पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढायला आम्ही सगळेच होतो. लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या दोन कॅप्सूल मिळाल्या. रात्री पडता पडता घोटभर पाण्याबरोबर त्या घेतल्या. पहाटे छातीत मधोमध असं दुखायला लागलं की घरचे घाबरले. सांगलीला नेलं, ईसीजी चांगला आला. पण दोन दिवस झाले, भाताचा घास गिळतानाही कळ येते. वय ३४. हार्टचं काही असेल का?
– एक भगिनी, पलूस तालुका

उत्तर : ताई, आधी दवाखान्यात गेलात हे फार बरं केलंत. छातीत दुखलं की ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊन पडून राहणारे आपल्याकडे कमी नाहीत. दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम सुटला असेल, चढ चढताना छाती भरून येत असेल, तर गोळीचा विचार नंतर, आधी १०८ ला फोन. एका चांगल्या ईसीजीवरही विसंबू नये. डॉक्टर थोड्या वेळाने तो पुन्हा काढतात, ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी करतात. तुमची झाली नसेल तर विचारून घ्या.

मात्र घासागणिक उठणारी कळ हृदयापेक्षा अन्ननलिकेकडे जास्त बोट दाखवते. एक करून बघा. बोट ओलं करा आणि कॅप्सूलवर टेकवा. ती चिकटते. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब, आतून ओलसर, आणि हृदयातून निघणारी महाधमनी जिथे तिला टेकते तिथे थोडी चिंचोळी. घोटभर पाण्याने निघालेली कॅप्सूल तिथेच थबकते. त्यात तुम्ही आडव्या झालात. झोपेत लाळही कमी सुटते, गिळणंही जवळजवळ थांबतं. डॉक्सिसायक्लिन विरघळलं की आम्लधर्मी होतं, आणि ते रात्रभर एकाच जागी बसलं की आतलं अस्तर भाजतं, व्रण पडतो.

हा व्रण बहुधा आठ-दहा दिवसांत भरतो. तोवर मऊ, कोमट खा. तिखट, गरम चहा, तंबाखू बंद. आम्ल कमी करणारं औषध डॉक्टर देतील. पाणीही उतरेना, उलटीत रक्त दिसलं किंवा दुखणं वाढतच गेलं, तर दुर्बिणीने तपासायला हवं.

२०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कृष्णाकाठाला लेप्टो नवा नाही. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून तो शिरतो, म्हणून धोका असेपर्यंत आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात. तेव्हा ‘मला ती सोसत नाही’ असं ठरवून मोकळ्या होऊ नका. पुढचा डोस व्रण भरेपर्यंत थांबवायचा की कसं, हे डॉक्टरांना विचारा. घ्यायचा झाला तर दिवसा, जेवण झाल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर किमान अर्धा तास पाठ टेकायची नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. औषध नीट अंगी लागत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६८. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक चालू होतं. पोटात आग पडायची म्हणून आता महिन्यातून तीन-चार वेळा त्याचंच इंजेक्शन घेतो. पोट वाचतं ना? जेवणानंतर ‘पँटो’ही घेतो.
– कोरेगाव

उत्तर : नाही, गुरुजी, वाचत नाही. हा समज इतका घट्ट आहे की पेशंट हट्टाने सुई मागतात. जठराच्या अस्तराचं रक्षण प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. ॲस्पिरिनसारखी औषधं (डायक्लोफिनॅकही त्यातलंच) तीच बनू देत नाहीत, हे शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पुढे १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. वेदना कमी होते ती त्यामुळेच, आणि जठर उघडं पडतं तेही त्यामुळेच. औषध तोंडातून गेलं काय नि कमरेतून गेलं काय, रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. भरल्या पोटी घेतल्याने आग कमी वाटेल, अल्सर टळेलच असं नाही.

पँटोप्राझोल न्याहारीआधी अर्धा तास घ्यायचं असतं. जेवणानंतर घेतलेलं निम्मं वाया जातं म्हणा ना. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर तुमच्या वयात रक्तस्रावाची जोखीम आणखी वाढते. मूत्रपिंड आणि बीपी वेगळेच. डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधी शौच झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तशी चिकट नसते.) गुडघ्यांसाठी मांडीचे व्यायाम, लावायचं जेल आणि पॅरासिटामॉल यांवर किती भागतं ते आधी डॉक्टरांबरोबर बघा.

प्रश्न : आईला हाडांसाठी आठवड्याची ॲलेंड्रोनेट गोळी दिली आहे. ती दुधाबरोबर घेते, हाडांना दुहेरी फायदा म्हणून. अलीकडे छातीत जळजळतं.
– वाई

उत्तर : दुहेरी तोटा होतोय. दुधातलं कॅल्शियम या गोळीला धरून ठेवतं आणि ती जवळजवळ शोषलीच जात नाही. शिवाय ही गोळी अन्ननलिकेला डॉक्सिसायक्लिनइतकीच वाईट. सध्या पुढची गोळी देऊ नका. जळजळीबद्दल डॉक्टरांशी बोला. गिळायला त्रास असेल किंवा अर्धा तास ताठ बसणं जमत नसेल, तर गोळीऐवजी शिरेतून देण्याचं औषध मिळतं. पुन्हा सुरू झालीच तर सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहासुद्धा अर्ध्या तासाने. आईंना दूध संध्याकाळी द्या.