कॅमेरा नव्हे, दुपार पाहा

प्रश्न : मुलगी सात महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात मला कामावर रुजू व्हायचंय. एका पाळणाघरात एसी, सीसीटीव्ही सगळं आहे. दुसरं एका काकूंच्या घरी, साधंच. कुठे ठेवावं?

उत्तर : एसी आणि कॅमेरा थोडा वेळ बाजूला ठेवा. दोन्ही ठिकाणी न कळवता दुपारी साडेबाराच्या सुमाराला जा. जेवण, शी-शू, झोप, रडारड सगळं तेव्हा एकदमच चालू असतं. रडणाऱ्या बाळाला कोण उचलतं, किती वेळानं? लंगोट बदलल्यावर ताई साबणानं हात धुतात, की तशाच भात कालवायला बसतात? भरवताना टीव्ही लागतो का? बाळांना पाठीवर, उशीशिवाय झोपवतात का? आत येऊ द्यायलाच कुरकुर झाली, तर पुढचं काही पाहू नका.

वर्षाच्या आतली तीनपेक्षा जास्त बाळं एकाच बाईकडे असू नयेत, असं माझं मत. ताई वरचेवर बदलतात का, हेही विचारा. मला वाटतं, चार वर्षं टिकलेली एक मावशी दहा कॅमेऱ्यांना भारी. काकूंकडे मात्र एक गोष्ट नक्की विचारा : त्या आजारी पडल्या तर कोण?

तुमच्या कंपनीत 50 किंवा जास्त कर्मचारी असतील, तर कायद्यानुसार पाळणाघराची सोय देणं मालकावर बंधनकारक आहे. आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. एचआरला लेखी विचारा. आणि रुजू होण्याआधी आठवडाभर मुलीला तासा-दोन तासांसाठी निवडलेल्या ठिकाणी ठेवायला सुरुवात करा.